अडचण नाही

डिंडोली, सुरत
१२ सप्टेंबर २०२४

चि. वर्षास,

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हणते, तोवर राग उतरला तर.

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा "मावशी, मीटिंगमध्ये आहे." व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा होतात आणि पुढे सामसूम. म्हणून पत्र. पत्र फेकून द्यायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काल आम्ही अकरा बाया उधन्याच्या सरकारी ऑफिसात गेलो होतो. लूमच्या खात्यांत, म्हणजे कापडाच्या कारखान्यांत, काम करणाऱ्या आमच्या माणसांचे कान मशीनने तपासावेत, असा अर्ज आम्ही मे महिन्यात दिला होता. दोनशे बारा सह्या. त्यातल्या निम्म्या मी उन्हात दारोदार फिरून घेतल्या. साहेबांनी दिवाळीनंतर तपासणीचा कॅम्प लावतो असं तोंडाने कबूल केलं होतं. काल तेच साहेब म्हणाले, कॅम्पची आता गरज नाही. आणि टेबलावर एक गुळगुळीत पुस्तक ठेवलं. कारखानेवाल्यांच्या माणसाने आणून दिलेलं. पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून आमच्या शेजारच्या गायत्रीने, ती बी.कॉम.ला आहे, उभ्याउभ्या वाचून दाखवलं. पान चौतीस. शहाऐंशी कारीगरांपैकी एक्याऐंशी जणांना ऐकण्यात अडचण नाही.

मग तिने मुखपृष्ठ वाचलं. त्यावर तुझं नाव होतं.

माझ्या शेजारी वैशाली उभी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पुष्पाताई, हाई तं तुनी भाची शे ना वं? मन्हा घरना चहा पिनी व्हती ती!" मी कुठे तोंड लपवू, सांग.

तुझे काका त्या एक्याऐंशींत आहेत का गं? सत्तावीस वर्षं लूम चालवतात. दीडशे माग एका पत्र्याखाली, बारा तासांची पाळी. घरी कुकरच्या पाच शिट्ट्या होतात आणि हे शेजारी बसून शेंगा सोलत असतात. त्यांना अडचण नाही? मग अडचण म्हणजे काय असतं तुमच्या विद्यापीठात?

फेब्रुवारीत पंधरा दिवस माझ्या घरी राहिलीस. भरीत-भाकरी करून घातली. माझी बाहेरची खोली तुला दिली, माणसं एकेक करून मी बोलावून आणली. आणि तू पुण्याला जाऊन उंटावरून शेळ्या हाकल्यास.

मला भाषण नको. एका ओळीचं पत्र साहेबांच्या नावाने पाठव, की पान चौतीस चुकलं आहे. खाली सही कर.

राग उतरला नाही. आशीर्वाद राहिले.

पुष्पा मावशी


पुणे
२४ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस साष्टांग नमस्कार,

पत्र मिळालं. इतकं टाकून बोलशील असं वाटलं नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पुस्तक कारखानेवाल्यांसाठी लिहिलेलं नाही. ते कोणी कुठे नेऊन ठेवलं, त्यावर माझा ताबा नाही. संशोधन छापलं की ते सगळ्यांचं होतं.

दुसरं, एका ओळीच्या पत्राने निष्कर्ष बदलत नसतात. आम्ही शहाऐंशी जणांशी समोरासमोर बसून बोललो. प्रत्येकाला बावीस प्रश्न विचारले. नववा प्रश्न ऐकण्याचा होता. त्याशिवाय मी हळू आवाजात तीन आकडे म्हणायचे आणि समोरच्याने ते परत म्हणायचे, अशी छोटी चाचणी होती. एक्याऐंशी जणांनी तिन्ही आकडे बरोबर सांगितले. काकांनीही. मी जे ऐकलं ते लिहिलं. मी एकही उत्तर मनाने घातलेलं नाही, हे तू तरी समजून घ्यायला हवं होतंस.

आणि "उंटावरून" म्हणालीस ते फार लागलं. हा आमच्या विभागाचा पहिला प्रकल्प आहे जो विद्यापीठ आणि वस्ती यांच्या भागीदारीतून झाला. तसं पहिल्या पानावर छापलं आहे. आभारांत तुझं नाव आहे, पुष्पाबाई असं आदराने. बाकीचे संशोधक हॉटेलात उतरतात. मी तुझ्या घरी जमिनीवर झोपले.

डिसेंबरच्या दहा तारखेला माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे. त्याआधी पुस्तकाबद्दल काही लिहून दिलं, तर सहा वर्षांचं काम अडकेल. माझ्या मार्गदर्शक मॅडमचंही हेच मत आहे. परीक्षा झाली की आपण शांतपणे बोलू.

काकांना नमस्कार. तुझ्या योगराजला सांग, त्याचा नवा फोटो पाहिला, मिशी शोभते.

तुझी,
वर्षा


डिंडोली
३ ऑक्टोबर २०२४

वर्षा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा दुधाचं पातेलं उतू गेलं.

भागीदारी! मी वैशालीला विचारलं, आपण भागीदार होतो, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, चहा आपला, बिस्किटं आपली, माणसं आपली, खोली तुझी. पुस्तक तेवढं तिचं. दोन भाऊ वावर करतात तेव्हा काय पेरायचं ते तरी एकमेकांना विचारतात. तू आम्हाला काय विचारलंस? "मावशी, थोडे प्रश्न आहेत, माणसं जमवशील का?" बस्स.

आता मी तुला शिकवते, फुकट. नीट वाच.

लूमच्या खात्यात बोलता येत नाही. शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे कोणी बोलतच नाही, ओठ हलवतात आणि हात करतात. दोन बोटांच्या चिमटीने ओढल्यासारखं केलं की सुताची तार तुटली. अंगठा ओठाला लावला की पाणी. मनगटावर बोट ठेवलं की पाळी संपली. सहा महिन्यांत नवा माणूस हे शिकतो. दहा वर्षांत त्याचे कान जातात आणि त्याला ते कळतही नाही, कारण डोळ्यांनी त्याचं सगळं भागतं. तुझे काका समोरच्या माणसाचं बोलणं ओठांवरून वाचतात. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही. अशा माणसाला समोर बसवून तू विचारतेस, ऐकू येतं का? तो म्हणणारच, येतं.

हे डिंडोलीतल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. आम्ही नवऱ्याला पाठीमागून हाक मारतच नाही. पुढे जाऊन उभं राहतो. तू निघण्याआधी एकदा, एकदाच, आम्हा बायांना बसवून विचारलं असतंस की यांचं ऐकणं कसं तपासू, तर आम्ही सांगितलं असतं, बाई, भिंतीकडे तोंड करून बसव आणि मग बोल.

तू योगराजच्या मिशीचं लिहिलंस. मी तुला त्याच्या डोळ्यांचं सांगते. त्याला त्याच खात्यात लागून दोन वर्षं झाली. तेवीस वर्षांचा आहे. परवा मी ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होते आणि त्याला काही विचारलं. तो म्हणाला, "माय, तोंड इकडे करीसन बोल."

माझ्या हातातली भाकरी मोडली. हेच वाक्य तुझे काका मला लग्नानंतर पाचव्या वर्षी बोलले होते.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं. कानात घालायचे बोळे हवेत, पाळी कमी हवी, दर वर्षी तपासणी हवी. हे शेठला कोण सांगणार? शेठ आमचं ऐकत नाही, सरकारी साहेबांचं ऐकतो. साहेब मशीनचं ऐकतात. आणि मशीन येणार होती ती तुझ्या पान चौतीसने थांबवली. माझं पोरगं त्या पानाखाली दबलं आहे, वर्षा. तुझी परीक्षा डिसेंबरात आहे. त्याची रोज सकाळी सातला असते.

पुष्पा


पुणे
२० ऑक्टोबर २०२४

मावशी,

या पत्राला मायना नाही. मलाही राग येतो.

तुझं पत्र वाचून मला झोप लागेना. तू म्हणतेस ते खरं असेल, तर कुठेतरी दिसायला हवं, म्हणून मी तेव्हाचं चित्रीकरण काढून बसले. तुला आठवत असेल, मोबाईल तुझ्या देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर ठेवला होता. त्यात मी, समोर बसलेला माणूस आणि माझ्या मागचं दार दिसतं. परीक्षेच्या तयारीत मी फक्त आवाज ऐकत होते. या वेळी पहिल्यांदा चित्र पाहिलं.

मावशी, दारात तू उभी आहेस. हातात चहाचा ट्रे.

मी मान खाली घालून कागदावरून म्हणते, सात. माझ्या मागे तू ओठ हलवतेस, सात. मी म्हणते, बारा. तू ट्रे खाली ठेवून दोन्ही पंजे उघडतेस, मग दोन बोटं. काका माझ्याकडे बघतच नाहीत. ते माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघताहेत, आणि मग मोठ्याने म्हणतात, सात, बारा, एकोणीस. मी खूण करते, बरोबर.

एकदा नाही. काकांच्या खात्यातल्या भटूभाऊंच्या वेळी तू आहेस. पुढच्या चौघांच्या वेळी तू आहेस. दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्यांच्या बायका आहेत. वैशालीमावशी तर पूर्ण प्रश्न हातांनी करून दाखवताहेत. शहाऐंशीतल्या सत्तरेक जणांच्या वेळी माझ्या मागे कोणी ना कोणी उभं आहे!

मी सहा वर्षं घातली आणि तुम्ही माझ्या पाठीमागे उभं राहून सगळ्यांना उत्तरं सांगितलीत. वर मलाच शिव्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. वैशालीमावशींना सांग, चहा प्यायले ते खरं, पण त्या चहाबरोबर काय पाजलंत तेही बघा.

आता हे मी मॅडमना कसं सांगू? माझी मावशी हातांनी आकडे करत होती, म्हणून पुस्तक रद्द करा? हसतील मला.

मी कोणालाही काही लिहून देणार नाही. दिवाळीला येणार नाही. तूही लिहू नकोस.

वर्षा


डिंडोली
१८ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षा,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून महिनाभर लिहिलं नाही. दिवाळी झाली. फराळाचा डबा तुझ्यासाठी भरला आणि पाठवला नाही. शंकरपाळे आम्हीच खाल्ले.

तुझं पत्र वाचून मी आधी म्हटलं, खोटं आहे. मग योगराजने तुझा तो व्हिडिओ मागवून मला दाखवला. त्याला तू पाठवलास, हे बरं केलंस. मी स्वतःला बघितलं. लाल पातळ, हातात ट्रे, आणि ओठ चालले आहेत. शप्पथ सांगते, मला यातलं काहीही आठवत नाही. बावीस वर्षं मी या माणसाला जगाचं बोलणं ओठांनी सांगते आहे. बँकेत, दवाखान्यात, लग्नात, मयताला. साहेब मान खाली घालून बोलले की मी मागून सांगते. ती सवय हातात बसली आहे. तू मान खाली घालून वाचत होतीस, त्यांना तुझे ओठ दिसत नव्हते, माझे हात उठले. आणि मनात हेही असेल की पाहुणी पोर आहे, एवढ्या लांबून आली आहे, तिचा कागद कोरा जायला नको.

तर घे. माझी चूक आहे. ऑफिसात ज्या अकरा बाया तुझ्यावर चिडल्या, त्या अकराही जणी व्हिडिओत आहेत. मी सगळ्यांना बसवून दाखवला. वैशाली रडली.

पण माझा राग अर्धाच गेला, उरलेला तू घे. आम्हाला कुठे माहीत होतं तू काय मोजतेस? सांगितलं असतंस की मावशी, मला यांचे कान मोजायचे आहेत, तर मी दाराला बाहेरून कडी लावून उभी राहिले असते. तू म्हणालीस, "थोडे प्रश्न आहेत." आम्हाला वाटलं प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं म्हणजे काम चांगलं झालं. शाळेत तेच शिकवलं ना आम्हाला? ज्याचं काम त्यालाच सांगितलं नाही, मग तो ते बिघडवतो. यात नवल काय?

आता आम्ही काय केलं ते ऐक. मागच्या रविवारी समाजाच्या हॉलमध्ये चौसष्ट माणसं बसवली. एकेकाला भिंतीकडे तोंड करून. दहा पावलांवरून मी त्याचं नाव घेतलं, रोज बोलते तेवढ्याच आवाजात. नाही वळला तर गायत्रीने स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. बाकीच्या बायांना हॉलमध्ये येऊच दिलं नाही. तरी वैशाली खिडकीतून हात करायला लागली. तिला खिडकीवरून ओढून बाजूला न्यावं लागलं.

चौसष्टांपैकी सत्तेचाळीस जण नावाला वळले नाहीत. वीस जण ताटालाही वळले नाहीत. तुझे काका ताटाला वळले नाहीत. योगराज ताटाला वळला, नावाला नाही. मी त्याचं नाव दोनदा घेतलं.

गायत्रीने सगळं वहीत लिहिलं आहे. नावं नाहीत, नंबर आहेत, कारण माणसं घाबरतात. झेरॉक्स सोबत पाठवते. हा पुरावा आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण हे खरं आहे.

एकच विचारते. तू निघालीस त्या दिवशी काका रिक्षाचं बघत रस्त्याकडे तोंड करून उभे होते. तू मागून म्हणालीस, "काका, येते." ते वळले नाहीत. तू परत म्हणालीस. मग पुढे जाऊन पाया पडलीस. ते मी पाहिलं. तुला काहीच दिसलं नाही का गं?

मावशी


पुणे
१४ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

दिसलं होतं.

त्या रात्री गाडीत बसून मी डायरीत लिहिलं, "काकांना दोनदा हाक मारली, ऐकू आली नाही." मग पुढे लिहिलं, "विचारात असावेत." आणि नंतर सगळी ओळच खोडली. कारण बावीस प्रश्नांच्या तक्त्यात त्या ओळीला जागा नव्हती, आणि तक्ता भरून झाला होता. ती खोडलेली ओळ मी कोणाला दाखवली नाही. तुझ्यावर ओरडले तेव्हाही ती माझ्या टेबलावरच होती. म्हणून एवढी ओरडले.

तुझी वही मी मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "हे किस्से आहेत, याला माहिती म्हणत नाहीत." मी म्हटलं, मॅडम, आपल्या चाचणीपेक्षा या वहीतली चाचणी जास्त चांगली आहे. त्यांनी दोन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांना मी दुष्ट म्हणत नाही, त्यांचंही नाव पुस्तकावर आहे. पण दहा तारखेला मी परीक्षेला बसले नाही. आधीच अर्ज दिला, की नववा प्रश्न आणि आकड्यांची चाचणी मी मागे घेते, कारण चाचणी चुकीच्या पद्धतीने झाली. चित्रीकरण जोडलं. आता वर्षभर लांबलं. शिष्यवृत्ती मार्चला संपते, पुढचं बघीन.

तेच पत्र उधन्याच्या साहेबांना पाठवलं, रजिस्टरने. त्यांचा फोन आला. ते म्हणाले, बारा जानेवारीला मशीन पाठवू शकतो, पण निदान चाळीस कामगारांनी स्वतःच्या नावाने, खात्याच्या ओळखपत्रासह, आधी यादीत सही करायला हवी. नंबर चालणार नाहीत. मी भांडून पाहिलं. ते ऐकत नाहीत.

मावशी, नाव देणं म्हणजे काय, ते मला आता कळतं. माझ्या शहाऐंशी लोकांना मी नंबर देऊन सुरक्षित ठेवलं आणि त्याच नंबरांखाली गाडलं.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की तुलाच मला समजवायचं काम लागेल. बाराला मी येते. नवा कागद आणते, कोरा. प्रश्न तुम्ही बायांनी लिहायचे. पुढे जे छापलं जाईल त्यावर तुझं आणि गायत्रीचं नाव आभारांत नाही, मुखपृष्ठावर येईल. आणि छापायच्या आधी ते हॉलमध्ये मराठीत वाचलं जाईल.

यादीत पहिली सही कोणाची, एवढं कळव.

वर्षा


डिंडोली
२३ डिसेंबर २०२४

चि. वर्षा,

कोणाचीच नाही.

यादी घेऊन मी पाच दिवस फिरते आहे. शेठच्या मुकादमाने पसरवलं आहे की मशीनमध्ये जो बहिरा निघेल त्याला लूमवर ठेवणार नाहीत. त्या रविवारी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलेली हीच माणसं आता माझ्याकडे पाठ करून निघून जातात. भटूभाऊ म्हणाले, वहिनी, नंबर चालत असेल तर माझे दोन घ्या. लूमवरच्या प्रवीणच्या बायकोने दारच उघडलं नाही. मे महिन्यात सह्या बायांनी दिल्या होत्या, आमचं काय जात होतं? आता नाव पुरुषांनी द्यायचं आहे.

मी योगराजला म्हटलं, तू दे. तो म्हणाला, "पप्पा बसतीन तं मी बी बससू." आणि पप्पा काही बोलतच नाहीत. मी विचारलं की ते खिडकीकडे बघतात. माझ्या ओठांकडे बघायचंच नाही असं ठरवलंय. बहिऱ्या माणसाला भांडण टाळायचं असलं की तो नुसती नजर काढून घेतो. बावीस वर्षांत मला इतका राग आला नव्हता. कागदावर लिहून समोर धरलं तर तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तू डिग्री थांबवलीस. मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू? साहेबांनी मशीन कबूल केली. आणि आता आमच्याच माणसांमुळे मशीन रिकामी परत जाईल, तेव्हा साहेब म्हणतील, बघा, पुस्तक बरोबर होतं.

तू ये की नको, मला सांगता येत नाही.

या खेपेला आशीर्वाद आधीच लिहायला हवे होते. आता लिहिते. अनेक आशीर्वाद, पोरी.

मावशी


डिंडोली
२९ डिसेंबर २०२४

चि. वर्षा,

हे पत्र धुडकू काका लिहितो आहे. मी सातवी शिकलो. चुकलं तर सांभाळ.

तुझी पत्रं मावशी पोह्यांच्या डब्यात ठेवते. मी सगळी वाचली. चार महिने तुम्ही दोघी माझ्या कानांवरून भांडता आहात. भांडा. पण मला कोणी विचारलं नाही. तू फेब्रुवारीत विचारलंस, ते कागदावरचं होतं. पुष्पा विचारते, ते यादीसाठी. मला काय होतं हे एकीनेही विचारलं नाही, म्हणून मला तुम्हा दोघींचा राग आला आहे. आधी तो लिहितो.

तेव्हा पुष्पाने हात केले ते खरं. पण ती नसती तरी मी हो म्हणालो असतो. अंदाजाने तीन आकडे ठोकले असते. मला माहीत होतं मला ऐकू येत नाही. सोळा वर्षं माहीत आहे. बहिरा कळला की लूम काढून घेतात आणि गेटवर बसवतात. गेटवरच्या माणसाला पोरं खडे मारतात, तो वळत नाही म्हणून. मी पाहिलं आहे. मीही हसलो होतो त्याला. म्हणून मी खोटं बोललो. तुझ्याशी, पुष्पाशी आणि डॉक्टरशी.

आमची मोठी मुलगी स्वाती कामरेजला दिली आहे, तुला ठाऊक आहे. तिची पोर तीन वर्षांची झाली. ती माझ्या पाठीवर चढते आणि कानाला तोंड लावून बोलते. कानाला तोंड लावलं की मला ओठ दिसत नाहीत. मग मी हसतो. ती परत सांगते, मी परत हसतो. या दिवाळीला ती खाली उतरली आणि स्वातीकडे जाऊन काही म्हणाली. तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं. ती म्हणाली, आजोबा खोटं हसतात.

तीन वर्षांच्या पोरीला कळलं. तुमच्या विद्यापीठाला कळलं नाही आणि सरकारला कळलं नाही. मी तिचा आवाज अजून ऐकलेला नाही. आता ऐकणारही नाही.

काल जेवताना स्वातीचा फोन आला तेव्हा योगराजने तिच्याशी बोलायला स्पीकर लावला आणि आवाज सगळा मोठा केला. तरी फोन कानाला चिकटवून बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. ताटातलं तसंच ठेवून उठलो आणि यादीवर सही केली. धुडकू, लूम नंबर, ओळखपत्र, सगळं. दुसरी सही योगराजची. मग तो कागद घेऊन मी स्वतः भटूकडे गेलो. मी त्याला म्हटलं, मी बोलतो, तू ऐकू नको, वाच. त्याने वाचलं. आज दुपारपर्यंत एकोणीस झाल्या. चाळीस होतील की नाही माहीत नाही. शेठने काढलं तर काढू दे. गेटवर बसेन, खडे मारणाऱ्याला पकडेन.

बाराला ये. मशीनसमोर मी पहिला बसतो, भिंतीकडे तोंड करून. पुष्पाला दाराबाहेर उभी कर आणि तिचे हात धरून ठेव.

आणखी एक काम. गायत्रीने तुझ्या पुस्तकातला तक्ता मला दाखवला. माझं वय, गाव आणि किती वर्षं लूमवर, त्यावरून मी ओळखलं. एक्केचाळीस नंबर मी आहे. त्यापुढे लिहिलं आहे, अडचण नाही. येताना ते पुस्तक बरोबर आण. मला माझ्यासमोर ते खोडलेलं बघायचं आहे. पेनने खोड, जोरात, पानाच्या मागे उमटेल असं.

तुझा काका,
धुडकू